कोपऱ्यांची कैफियत : तिरप्या सांध्याच्या लाकडी पेट्यांविषयीचे गैरसमज

जुन्या मराठी घरांत आरसा बसविलेली फणेरपेटी, दागिन्यांचा डबा आणि दौत-लेखणीची पेटी अशा लहान लाकडी वस्तूंचा जो राबता होता तो आता संपला असला, तरी अशी एखादी पेटी आपल्या हाताने घडवावी ही हौस मात्र गच्चीवरच्या खोलीत किंवा गॅरेजात चार हत्यारे मांडून बसणाऱ्या अनेकांच्या मनात मूळ धरून आहे. अशा हौशी कारागिराचे मन बहुधा त्या पेटीवर जडते, जिच्या कोपऱ्यांत लाकडाचे कापलेले टोक कोठेही दिसत नाही आणि जिच्या अंगावरील रेषा एका बाजूवरून वळून दुसऱ्या बाजूवर अखंड चालत जातात. फळ्यांची टोके प्रत्येकी ४५ अंशांत कापून एकमेकांस भिडविली म्हणजे हा परिणाम साधतो. सुतार त्याला मायटर म्हणतात, आपण तिरपा सांधा म्हणू. दिसावयास इतका सरळ असलेला हा सांधा प्रत्यक्षात अनेकांना दगा देतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयी नाना समजुती रूढ झाल्या आहेत. त्यांपैकी बहुतेकींच्या मुळाशी एकच गफलत आहे : सांध्याचा दोष आपण हाताच्या कसबात शोधतो, आणि तो असतो मापांच्या हिशेबात किंवा लाकडाच्या स्वभावात.

गैरसमज : कोन बिनचूक ४५ अंशांचा साधला की पेटी आपोआप जुळते.

वस्तुस्थिती : कोनाचे महत्त्व कोणी नाकारीत नाही, पण सांध्याला हवा असतो तो दोन कापांच्या बेरजेतून होणारा काटकोन. एक टोक ४४॥ अंशांचे आणि त्याचे जोडीदार ४५॥ अंशांचे असेल, तरी कोपरा गुण्याला बरोबर लागतो. उलट प्रत्येक काप एकाच दिशेने अवघा अर्धा अंश चुकला, तर चार बाजूंच्या आठ कापांत मिळून ती चूक ४ अंशांवर जाते. तीन कोपरे दाबून घट्ट बसविले की ही सारी थकबाकी चौथ्या कोपऱ्याच्या माथी बसते. १२ मिलिमीटर जाडीच्या फळीचे तिरपे तोंड सुमारे १७ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे ४ अंशांच्या चुकीने तेथे सुमारे १.२ मिलिमीटरची फट पडते, आणि पॉलिशचे कितीही हात दिले तरी ती लपत नाही.

याहूनही अधिक वेळा दुर्लक्षिली जाणारी बाब लांबीची आहे. समोरासमोरच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या लांबीच्या नसतील, तर आठही काप निर्दोष असूनदेखील सांधे तोंड उघडतात, आणि कारागीर मात्र यंत्राच्या कोनाला दोष देत बसतो. याकरिता मोजपट्टीवर विसंबून न राहता करवतीच्या फलाटावर लाकडाचा एक ठोकळा आडवा शिकंज्यात पकडून ठेवावा, आणि जोडीतील दोन्ही फळ्या त्याच ठोकळ्याला टेकवून कापाव्यात. नंतर त्या पाठीस पाठ लावून उभ्या कराव्यात व टोकांवरून बोट फिरवावे. डोळ्याला न दिसणारा फरक बोटाच्या अग्राला कळतो. उरलासुरला फरक ४५ अंशांचा आधार असलेल्या पाटीवर धारदार रंध्याने काढता येतो, आणि एक केस जाडीची ढलपी सोलणारा रंधा या कामी महागड्या यंत्रालाही मागे टाकतो.

गैरसमज : तिरपा सांधा मुळातच दुबळा; खिळे ठोकल्यावाचून तो टिकत नाही.

वस्तुस्थिती : या समजुतीत अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य संपूर्ण असत्यापेक्षा अधिक दिशाभूल करते. लाकडाचा तंतू आडवा छेदला गेला की त्याच्या नळ्यांची तोंडे उघडी पडतात. त्या उघड्या तोंडांवर लावलेला सरस आत शोषला जातो आणि सांध्याच्या पृष्ठभागावर, जेथे त्याची खरी निकड असते, तेथे तो पुरेसा उरत नाही. तिरप्या कापात हा दोष पूर्ण नसला तरी बऱ्याच अंशी असतो. उपाय साधा आहे. प्रथम सरसाचा पातळ हात देऊन पाच-दहा मिनिटे थांबावे, तंतूंची तहान भागू द्यावी, आणि मग दुसरा हात देऊन सांधा जुळवावा. पूर्वी हे काम जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या व गरम करून लावावयाच्या सरसाने होई. १९५९ साली बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने आणि त्या जातीच्या पांढऱ्या सरसांनी ते सोपे केले, पण शोषणाचा नियम बदलला नाही.

खिळ्याने मात्र लाभापेक्षा हानीच अधिक होते, कारण पातळ फळीच्या टोकाशी तो तंतू फाडतो. खरे बळ मिळते ते कोपऱ्यात आडव्या घातलेल्या चिपांनी. पेटी वाळल्यावर ती इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या घोडीत कोपऱ्यावर उभी धरावयाची, कोपऱ्यात करवतीने आरपार अरुंद खाच पाडावयाची आणि साधारण ३ मिलिमीटर जाडीची चीप सरस लावून तीत बसवावयाची, अशी ही कृती. या चिपांकडे केवळ अलंकार म्हणून पाहण्याची चाल आहे, ती बरोबर नाही. चिपेचे तंतू कोपऱ्याच्या रेषेला आडवे, म्हणजे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाणारे असले, तर दोन्ही फळ्यांना लांबीच्या तंतूंची पकड मिळते आणि सांध्याचा भार चीप उचलते. तंतू उभे ठेवले, तर तीच चीप पहिल्या आघाताला मधोमध तुटते. सागवानात शिसवीची चीप शोभून दिसते हे खरे, पण ती शोभा तिच्या कामाचे वेतन होय. चीप कापून सपाट करताना पटाशी नेहमी कोपऱ्याकडून आतल्या अंगाला चालवावी. उलट चालविल्यास कोपऱ्यावरचा ढलपा उडतो.

गैरसमज : जुन्या वाड्याचे लाकूड मुरलेले असते, ते आता हलावयाचे नाही.

वस्तुस्थिती : मोडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि दारे यांतून मिळणारे सागवान उत्कृष्ट असते यात शंका नाही, पण शंभर वर्षांनी लाकूड आर्द्रतेला बधिर होते ही समजूत निराधार आहे. लाकूड भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव आयुष्यभर चालू ठेवते. वैशाखातल्या नागपूरच्या हवेत त्यातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या ५-६ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, तर श्रावणातल्या कोकणात तो १६-१८ टक्क्यांवर चढतो, आणि या चढउताराबरोबर लाकूड रुंदीत आकसते व फुगते. लांबीत होणारा फरक जवळजवळ नगण्य असतो. रुंदीतील फरकही फळी कशी कापली आहे त्यावर ठरतो. वार्षिक वलयांच्या दिशेने सागवान हिरव्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत सुमारे ५.८ टक्के आकसते, गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने मात्र सुमारे २.५ टक्केच. वाड्याच्या लाकडाचा खरा धोका निराळाच असतो. त्याच्या पोटात दडलेला गंजका खिळा करवतीचे दात क्षणात खलास करतो, म्हणून कापण्यापूर्वी त्याची कसून झडती घ्यावी.

गैरसमज : पावसाळ्यात तिरपा सांधा उघडणारच.

वस्तुस्थिती : ही फिर्याद तसबिरीच्या चौकटीविरुद्ध खरी आहे, पेटीविरुद्ध नाही. चौकटीत पट्टीची रुंदी सांध्यात आडवी येते. पट्टी फुगली की सांधा बाहेरच्या टोकाशी उघडतो आणि आकसली की आतल्या टोकाशी. पेटीच्या उभ्या सांध्यात मात्र फळीची रुंदी ही पेटीची उंची असते, आणि चारही बाजू एकाच लाकडाच्या व एकाच पद्धतीने कापलेल्या असतील, तर त्या चौघी एकदमच उंचावतात व एकदमच उतरतात, त्यामुळे सांध्यावर ताण येण्याचे कारणच उरत नाही. जाडीतला फरक सांध्याच्या वाट्याला येतो खरा. परंतु १० मिलिमीटर जाडीत, ओलावा ६ टक्क्यांनी बदलला तरी, तो मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपासच राहतो.

गैरसमज : तळाची फळी चारही बाजूंनी सरसाने पक्की बसविली म्हणजे पेटी मजबूत होते.

वस्तुस्थिती : पेट्यांचे कोपरे फुटण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे, आणि त्याचा ठपका बिचाऱ्या कोपऱ्यांवर येतो. सागवानाची १५० मिलिमीटर रुंदीची फळी घरातल्या ओलाव्याच्या ८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेली, तर वर दिलेल्या प्रमाणाने ती सुमारे पावणेदोन मिलिमीटर फुगते. कापाची दिशा अनुकूल असली तरी पाऊण मिलिमीटर. बाजूच्या भिंती लांबीत जवळजवळ वाढतच नाहीत. फुगणाऱ्या तळाला बाहेर पडावयास वाट नसेल, तर तो भिंतींना ढकलतो, आणि मग कोणताही सरस त्यापुढे टिकत नाही. म्हणून अखंड लाकडाचा तळ बाजूंच्या आतील खाचेत कोरडाच, सरसाविना, हलण्यास मोकळीक ठेवून बसवावा. झाकणाच्या फळीलाही हाच नियम लागू आहे. सर्व बाजूंनी चिकटवावयाचेच असेल, तर प्लायवूड वापरावे. त्याचे थर एकमेकांस आडवे असल्याने त्याची हालचाल अगदी अल्प असते.

गैरसमज : एका फळीतून चारही बाजू ओळीने काढल्या की चारही कोपऱ्यांत रेषा जुळतात.

वस्तुस्थिती : जुळतात त्या तीन कोपऱ्यांत. फळीचा आरंभ आणि अंत जेथे भेटतात त्या चौथ्या कोपऱ्यात रेषा तुटणे अपरिहार्य आहे. तो कोपरा पेटीच्या मागे, बिजागरीच्या अंगाला ठेवण्याचा शहाणपणा कारागीर परंपरेने करीत आले आहेत. चारही कोपरे जुळवावयाचेच असतील, तर जाड फळी जाडीतून मधोमध चिरून तिची दोन पाने पुस्तकासारखी उघडावीत आणि प्रत्येक पानातून एक लांब व एक आखूड बाजू घ्यावी. दोन्ही पानांवरील रेषा एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या असल्याने चारही वळणांवर त्या भेटतात.

अलंकरण म्हणजे कोरीवकामच, ही कल्पनाही येथेच सोडून द्यावी. एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने विलायतेस गेलेल्या सादेली कामाच्या पेट्या घ्या. सूरत व मुंबई येथील त्या कारागिरांनी हस्तिदंत, शिंग, आबनूस आणि कथील यांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून, त्या गठ्ठ्याचे पातळ काप काढून पेटीवर जडविले. त्यांची सारी किमया बिनचूक कापात आणि मापात होती.

गैरसमज : झाकण वेगळे करून मग पेटीला जुळवावे.

वस्तुस्थिती : तसे केल्यास रेषा आणि मापे दोन्ही चुकतात. तळ व माथा बसवून सहाही बाजूंनी बंद पेटी प्रथम पूर्ण करावी, आणि वाळल्यावर ती सभोवार कापून झाकण विलग करावे. ते आपल्या पेटीवर जुळणारच. मात्र करवत जेवढे लाकूड खाते, यंत्राच्या पात्याला साधारण ३ मिलिमीटर, तेवढी तजवीज उंचीत आधीच करून ठेवावी, आणि कोपऱ्यातील चिपांची जागा या कापाच्या वाटेत येणार नाही अशी आखावी.

गैरसमज : जुळणीला डझनभर शिकंजे लागतात, आणि फट राहिलीच तर भुसा व सरस कालवून भरता येते.

वस्तुस्थिती : लहान पेटीला चिकटपट्टी पुरते. चारही बाजू बाहेरचे अंग वर करून सरळ पट्टीला टेकवून ओळीने मांडाव्यात, सांध्यांवर चिकटपट्टी ताणून लावावी, सगळी माळ उलटी करावी, तिरप्या तोंडांना सरस लावावा, आणि तळ खाचेत ठेवून पेटी गुंडाळून घ्यावी. मग दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान असले की पेटी काटकोनात आहे. सरसाला पूर्ण बळ येण्यास एक अहोरात्र द्यावे. फटीतला भुशाचा लगदा मात्र पॉलिशखाली निराळ्या छटेचा डाग होऊन राहतो, कारण वाळलेला सरस रंग घेत नाही. फट केसाएवढीच असेल, तर कोपऱ्याची कड स्क्रू-ड्रायव्हरच्या गोल दांडीने घासून तंतू आत वळवावेत. त्याहून मोठ्या फटीला पुन्हा कापण्यावाचून गत्यंतर नाही.

गैरसमज : शोभिवंत पेटीला शिसवीच हवी, आणि पॉलिश बाहेरून दिले म्हणजे पुरे.

वस्तुस्थिती : शिसवीच्या कुळातील जवळजवळ सर्व वृक्ष जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणयादीत आहेत. सागवान, शिवण किंवा फणस यांचे कारखान्यात टाकून दिलेले तुकडे पेटीला उत्तम चालतात, आणि शिसवी चिपेपुरती वापरली तरी पुष्कळ झाले. पॉलिश ओलाव्याची ये-जा मंदावते, थांबवीत नाही; म्हणून ते आत-बाहेर सारखे द्यावे, नाहीतर फळी एका अंगाला वाकते. आतून मात्र तेलाऐवजी स्पिरिटमध्ये विरघळविलेली लाख लावावी, कारण बंद पेटीत तेलाचा दर्प कोंडतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. लाकडाची बारीक धूळ ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मनुष्याला निश्चितपणे कर्करोगकारक ठरविलेल्या पदार्थांत मोडते, तेव्हा घासकामाच्या वेळी तोंडावर चांगला मास्क असणे आवश्यक आहे.

या साऱ्या तपशिलाचे तात्पर्य एवढेच, की तिरप्या सांध्याची पेटी हे दैवी हस्तकौशल्याचे किंवा श्रीमंती यंत्रांचे काम नसून नेकीने ठेवलेल्या हिशेबाचे काम आहे. ज्यांना हात घालावयाचा असेल त्यांनी पहिली पेटी स्वस्त लाकडाची आणि लहान करावी. लाकूड आणल्याबरोबर न कापता ते दोन-तीन आठवडे आपल्याच खोलीत राहू द्यावे. समोरासमोरच्या बाजू एकमेकींस लावून पाहाव्यात. आणि सरसाची बाटली उघडण्यापूर्वी एकदा कोरडी जुळणी करून चारही कोपऱ्यांची खातरजमा केल्याविना पुढे जाऊ नये.