मावशींचे 'डोले'

बाळांनो, कोपरखैरण्याच्या मासळीबाजारात काल चिंगीला घेऊन बांगडे आणायला गेलो होतो. गावठाणातल्या आगरी मावशी म्हणाल्या, "डोले बघ आधी!" बांगड्याचे डोळे काचेसारखे चकाकत होते. चिंगीनं माझी बाही ओढली. "आजोबा, मावशींना ळ येत नाही."

घरी येऊन तिला म्हटलं, "ल म्हण. जीभ आहे तिथंच ठेव आणि श्वास आत ओढ. गार कुठं लागलं?"

"जिभेच्या कडांना!"

शेंड्यानं वाट अडवली, म्हणून हवा कडांवरून गेली. ळ म्हणतानाही तसंच होतं, फक्त शेंडा उलटा वळून मागं टाळूला टेकतो. आपल्याच तोंडातली केवढी ही नवलाई!

तोंडात आवाज कसा घडतो हे पाहणाऱ्यांना स्वनवैज्ञानिक म्हणतात. त्यांची एक जुनी युक्ती आहे. जिभेला कोळशाची पूड तेलात कालवून लावायची, एकच शब्द बोलायला लावायचा आणि टाळूवर डाग कुठं पडला ते आरशात बघायचं. आम्ही कोको लावून पाहिलं. लचा डाग दातांमागं, ळचा चांगला आत!

आता मावशींकडे येऊ. त्यांच्या आगरी बोलीत काळा म्हणजे काला, पाणी म्हणजे पानी, गाडी म्हणजे गारी. एकदा असं, एकदा तसं नाही. ठरलेल्या जागी ठरलेला बदल. याला चूक म्हणत नाहीत बाळांनो, हा त्या बोलीचा नियम आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे, पण पुढच्या संस्कृतात त्या जागी ड आला. म्हणून त्या संस्कृतात लिहिणाऱ्या कालिदासाला कुणी बोबडा म्हणतं का?

अ. मा. घाटगे यांनी असेच कान देऊन मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं. कुडाळी बोलीवरचं त्यांचं पुस्तक १९६५ चं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं अलीकडे जिल्ह्याजिल्ह्यांत ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन फिरली. अशा माणसांचं मला फार अप्रूप वाटतं. समोरच्याचं बोलणं न सुधारता ऐकायचं, हे सोपं नाही.

नवं शहर वसवायला सिडको १९७० साली स्थापन झाली, पुढे इथल्या भातखाचरांवर सेक्टर उभे राहिले. गावठाणात आगरी अजून ऐकू येते, पण नातवंडं शाळेतली भाषा बोलतात. तुमच्या घरात अशी बोलणारी आजी असेल, तर आज जेवणानंतर फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि तिला तिच्या लहानपणाबद्दल विचारा.