दहा कोटी पौंड, गोल तीन

पुण्यात प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत शनिवारी रात्री चार-पाच जण फुटबॉल पाहायला जमतात. हिवाळ्यात इंग्लंडमधला दुपारी तीनचा सामना आपल्याकडे साडेआठला सुरू होतो. जेवण आधी उरकायचं की मध्यंतरात, एवढाच प्रश्न. यजमान मँचेस्टर युनायटेडवाले. साहजिकच मँचेस्टर सिटीचा सामना असला की त्यांच्या जिभेला हाड राहत नाही. सिटीच्या जॅक ग्रीलिशने डावीकडे रेषेलगत चेंडू घेतला, पायाशी धरला आणि पुढे जायचं सोडून तो नुसता उभा राहिला, की यजमान आपलं ठरलेलं वाक्य टाकायचे : "दहा कोटी पौंड, गोल तीन!"

हिशेब चुकीचा नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये सिटीने ग्रीलिशला ॲस्टन व्हिलाकडून १० कोटी पौंडांना घेतलं, तेव्हा ब्रिटनमधल्या कुठल्याही क्लबने एका खेळाडूसाठी तेवढे पैसे मोजले नव्हते. आणि पहिल्या हंगामात प्रीमियर लीगमधले त्याचे गोल झाले तीन.

२०२२-२३ च्या हंगामात एकदा ऐन खेळात दाराची बेल वाजली आणि कुणीतरी रिमोटने चित्र थांबवलं. पडद्यावर ग्रीलिश तसाच उभा. समोरचा राइट बॅक दोन पावलांवर, गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, पण अंगावर यायची तयारी नाही. त्याच्या मदतीला आणखी एक जण निघालेला. पण गंमत मागे होती. सिटीचे बाकीचे खेळाडू चक्क चालत होते. मागची फळी मध्यरेषेच्याही पुढे सरकलेली, रॉड्री बाजारातून पिशवी घेऊन परतावं तसा निवांत. पळत कुणीच नव्हतं. एक माणूस चेंडू घेऊन उभा होता म्हणून नऊ जणांना श्वास घ्यायला फुरसत मिळाली होती.

त्या थांबलेल्या चित्राने खोड लावली. त्यानंतर सिटीचे सामने पुन्हा लावून, आवाज बंद करून, फक्त डावी विंग बघायची असा उद्योग सुरू झाला. चेंडूमागे धावण्याची डोळ्यांची सवय मोडायला दोन-तीन सामने जातात. मग मात्र वेगळाच खेळ दिसू लागतो.

प्रशिक्षक ग्वार्डिओलाच्या संघात विंगरने रेषेला चिकटून राहायचं आणि मैदान रुंद ठेवायचं. पास येईपर्यंत वाट पाहायची. वाट पाहणं हा या कामाचा निम्म्याहून मोठा भाग आहे आणि कॅमेरा तो कधीच दाखवत नाही.

ग्रीलिश जवळून पाहण्यासारखा माणूस. मोजे पोटऱ्यांच्या खाली सरकवलेले, आत लहान मुलांच्या मापाचे शिन गार्ड, वर पैलवानाच्या असाव्यात तशा पोटऱ्या. केसांना पट्टा. पाय उघडे टाकून फिरणाऱ्या या माणसाला लोक लाथा किती घालतात म्हणाल, तर २०१९-२० च्या हंगामात व्हिलाकडून खेळताना त्याच्यावर १६७ फाउल झाले. प्रीमियर लीगच्या एका हंगामातला तो विक्रम होता. लाथा खाणं हे त्याचं एक कौशल्यच. चेंडू घेऊन थांबायचं, बचावपटूला अगदी जवळ येऊ द्यायचं आणि त्याचा पाय निघाला की चेंडू जेमतेम वीतभर सरकवायचा. पाय चेंडूऐवजी नडगीवर बसतो, पंच शिट्टी वाजवतो, आणि फ्री किक होईपर्यंत अर्धा मिनिट सगळ्यांनाच विश्रांती.

व्हिलातला ग्रीलिश असा नव्हता, हे विसरून चालत नाही. बर्मिंगहॅमचा पोरगा, लहानपणापासून व्हिलाचाच, पुढे त्यांचा कर्णधार. त्याच्या पणज्याचा बाप, बिली गॅरटी, १९०५ चा एफए कप जिंकलेल्या व्हिलाच्या संघात होता. त्या व्हिलात चेंडू मिळाला की ग्रीलिशने अंगावर धावून जायचं, दोघांना चकवायचं, काय वाटेल ते करायचं. कारण त्याने केलं नाही तर दुसरं करणारं कोण होतं? सिटीत आल्यावर त्याला हे सगळं विसरावं लागलं. ग्वार्डिओलाला चेंडू हरवलेला खपत नाही. दहा कोटी पौंड मोजून आणलेल्या माणसाला सांगितलं काय, तर तुझं जे नाव आहे ते करू नकोस.

कबड्डी पाहणाऱ्याला हे पटकन कळेल. प्रत्येक चढाई गुण आणायला नसते. संघ आघाडीवर असतो, घड्याळ सरकायला हवं असतं, तेव्हा एखादा जाणता चढाईपटू रेषेवर पाय घासत, इकडून तिकडे डुलत, कुणाच्याही हाती न लागता वेळ काढून परत येतो. गुणफलकावर त्याची नोंद शून्य. बाकावर बसलेल्या प्रशिक्षकाला मात्र ठाऊक असतं की हे शून्य फुकटचं नाही.

१७ मे २०२३. चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना, समोर रिआल माद्रिद. सिटी ४-० ने जिंकली आणि सगळीकडे बर्नार्दो सिल्व्हाच्या दोन गोलांची चर्चा झाली. त्या सामन्याची डावी बाजू पाहावी. कार्वाहालसारखा मुरलेला राइट बॅक, आयुष्यभर युरोपातले झाडून सगळे विंगर पाहिलेला, ग्रीलिशसमोर पुन्हा पुन्हा त्याच पेचात सापडत होता : पुढे जावं तर फसतो, थांबावं तर सिटीची अख्खी फौज वर येते. त्या रात्री यजमानांनी आपलं वाक्य उच्चारलं नाही. महिनाभरात सिटीने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या. एफए कपच्या अंतिम सामन्यात युनायटेडला पेनल्टी मिळाली ती ग्रीलिशच्याच हाताला चेंडू लागल्यामुळे. प्रभात रस्त्यावर तेवढाच काय तो जल्लोष.

आणि मग ऑगस्टमध्ये जेरेमी डोकू आला.

रियाद माहरेझ सौदीला गेला होता. सिटीने फ्रान्समधल्या रेन क्लबला सुमारे साडेपाच कोटी पौंड देऊन हा २१ वर्षांचा बेल्जियन पोरगा उचलला. जन्म अँटवर्पचा, आईवडील घानाचे. ज्यांनी २०२१ च्या युरो स्पर्धेतला बेल्जियम-इटली सामना पाहिला होता त्यांना तो आठवत होता. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. इटलीच्या डी लोरेन्झोला त्याने असा काही सतावला की शेवटी त्याने डोकूला ढकललंच आणि बेल्जियमला पेनल्टी मिळाली. सामना इटलीने जिंकला, पण लक्षात राहिला डोकू.

डोकूला जवळून पाहायचं तर त्याचे पाय बघून उपयोग नाही. त्याच्या समोरच्याची कंबर बघावी. डोकूही आधी थांबतो, ग्रीलिशसारखाच. पण या थांबण्यात विसावा नाही. गोफण फिरवून क्षणभर धरून ठेवावी तसं ते थांबणं आहे. ठेंगणा बांधा, शरीर खाली झुकलेलं, उजव्या पायाच्या टोकाशी चेंडू. दोन-तीन बारीक पावलं, जागच्या जागी. खांदा आत पडतो. बचावपटूची कंबर वळते, आणि ती वळली की खेळ संपला, कारण पुढच्या पावलाला डोकू दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असतो. हातावर तुरी देणं म्हणतात ते हेच. एकदा फसलेला माणूस पुढच्या वेळी एक पाऊल मागे उभा राहतो, त्याच्या पुढच्या वेळी दोन पावलं. असं करत करत राइट बॅक स्वतःच्याच गोलरक्षकाच्या मांडीवर जाऊन बसतो.

४ नोव्हेंबर २०२३ ला बोर्नमथवर सिटीने सहा गोल केले. एक डोकूचा, आणि चार गोलांचे असिस्ट डोकूच्या नावावर. त्यातला एक असिस्ट असा, की डोकूने मारलेला चेंडू मनुएल अकांजीच्या अंगाला लागून जाळ्यात गेला. गोल अकांजीचा, असिस्ट डोकूचा. हेतू दोघांचाही नव्हता. पण नोंदवहीत हेतूचा रकाना नसतो. साडेआठला सुरू झालेला सामना संपला तेव्हा डाव्या विंगचा निकाल लागल्यातच जमा होता. यजमानांनी युनायटेडवाले असूनही टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात विंगर," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य सगळ्यांना पाठच होतं.

प्रेक्षक डोकूवर लुब्ध होतात यात नवल नाही. चेंडू त्याच्याकडे निघाला की बसलेली माणसं पुढे सरकतात. ग्रीलिशकडे निघाला की कुणीतरी मोबाइल उचलतं. फुटबॉल पैसे देऊन पाहायचा खेळ आहे आणि पैसे देणाऱ्याला पळणारा माणूस हवा असतो.

तरीही एक आकडा इथे सांगायलाच हवा. त्या पहिल्या हंगामात, २०२३-२४ मध्ये, डोकूचे प्रीमियर लीगमधले गोल किती? तीन. हा आकडा प्रभात रस्त्यावर सांगितला तेव्हा यजमान थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पण साडेपाच कोटींत!" डोकूच्या पदरी आठ असिस्टही होते, हे त्यांनी सांगितलं असतं तर वाद तिथेच संपला असता. शिवाय डोकू हूल देतो, आत शिरतो आणि मग कित्येकदा चेंडू अशा जागी टाकतो जिथे आपला माणूसच नसतो. चेंडू गेला की त्याने मागे सोडलेल्या मोकळ्या मैदानातून समोरचा संघ उलटा धावत येतो. पळणारा विंगर सगळ्या संघाला पळवतो. ही किंमत कुठल्या रकान्यात लिहायची?

ग्रीलिशची बाजू घ्यायचा मोह होतो खरा, पण त्याचं सगळंच ग्वार्डिओलावर ढकलता येत नाही. तीन करंडक जिंकल्यानंतरच्या मिरवणुकीत भर पावसात शर्ट काढून नाचणारा ग्रीलिश मँचेस्टरने डोक्यावर घेतला, आणि त्यानंतर तो शरीराने तसा परतलाच नाही. दुखापती झाल्या. जून २०२४ मध्ये इंग्लंडच्या युरो संघातून त्याला वगळण्यात आलं. त्याच उन्हाळ्यात सिटीने ब्राझीलचा साव्हिन्यो आणला, म्हणजे आता स्पर्धक दोन. जानेवारी २०२५ मध्ये ग्वार्डिओलाने पत्रकारांना सरळ सांगून टाकलं की साव्हिन्यो ग्रीलिशपेक्षा चांगल्या अवस्थेत आहे म्हणून तो खेळतो. आपल्याला तीन करंडकांच्या वेळचा जॅक हवा आहे. प्रशिक्षक इतकं उघड सहसा बोलत नाहीत.

बोलला ते योग्यच होतं. पण तो तीन करंडकांचा जॅक ज्या संघात उभा राहायचा तो संघ तरी कुठे उरला होता? ग्युंडोआन जाऊन आला, रॉड्री गुडघ्याच्या दुखापतीने सप्टेंबर २०२४ पासून बाहेर. उभं राहून वेळ मिळवून द्यायचा तो कुणासाठी, तर ज्यांना त्या वेळेचं काय करायचं हे कळतं त्यांच्यासाठी. ती माणसंच जागेवर नसली की उभा राहिलेला माणूस नुसता उभा राहिलेला दिसतो. मागे पडलेल्या संघाला डोकू लागतो, आणि २०२४-२५ ची सिटी बहुतेक वेळ मागे पडलेलीच होती.

१७ मे २०२५. माद्रिदला चिरडल्याला बरोबर दोन वर्षं झालेली. वेम्बलीवर एफए कपचा अंतिम सामना, समोर क्रिस्टल पॅलेस. सोळाव्या मिनिटाला एझेने गोल केला आणि सिटी उरलेला सगळा वेळ बरोबरीच्या मागे होती. डाव्या विंगला डोकू, त्याच्या त्या बारीक पावलांसह, पुन्हा पुन्हा. ग्वार्डिओलाने बाकावरून माणसं उतरवली. १९ वर्षांच्या क्लॉडिओ एचेव्हेरीलाही उतरवलं, ज्याने सिटीसाठी तोवर एक मिनिटही खेळलेलं नव्हतं. ग्रीलिश बाकावर बसून राहिला. कॅमेरा एकदा त्याच्यावर गेला. मोजे तसेच खाली. सामना पॅलेसने १-० ने जिंकला. प्रभात रस्त्यावर त्या रात्री आकड्यांचा विषय कुणी काढला नाही.

जागा डोकूची होती, याबद्दल आता वाद घालण्यात अर्थ नाही. त्याने ती खेळून मिळवली.

ऑगस्टमध्ये ग्रीलिश एका हंगामासाठी उसना म्हणून एव्हर्टनला गेला. त्याने १८ क्रमांक मागून घेतला. गॅस्कॉइन आणि रूनी तिथे तोच क्रमांक घालायचे. एव्हर्टनच्या नव्या स्टेडियमवरच्या लीगमधल्या पहिल्या सामन्यात ब्रायटनविरुद्ध त्याने दोन गोल करून दिले, पुढच्या शनिवारी वुल्व्ह्जविरुद्ध आणखी दोन, आणि ऑगस्टचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डावी विंग, रेषेलगत, तसाच थांबत. फरक इतकाच की इथे चेंडू त्याच्याकडेच द्यायचा असं सगळ्यांनी ठरवलेलं.

१८ ऑक्टोबर २०२५ ला एव्हर्टनचा संघ सिटीच्या मैदानावर आला. दोघांना एकाच सामन्यात, समोरासमोरच्या संघांतून पाहायची ही संधी होती, आणि यजमानांनी त्यासाठी खास बोलावणंही धाडलं होतं. पण प्रीमियर लीगच्या नियमाने उसन्या दिलेल्या खेळाडूला मूळ क्लबविरुद्ध उतरता येत नाही. ग्रीलिश खेळला नाही. सिटी २-० ने जिंकली, दोन्ही गोल हालांडचे.