बांधलेलं इंजिन रुळवायचं कसं?

मंडळी, आज तत्त्वज्ञान थोडं बाजूला ठेवू आणि इंजिनाबद्दल बोलू. पारोळ्यात हा विषय परका नाही. धुळे-जळगाव महामार्गावरचं हे गाव, भोवती कापसाचं शिवार. पिस्टन, रिंगा, लाइनर बदलून ट्रॅक्टरचं इंजिन बांधायचं, तर हंगामाच्या कमाईतला मोठा वाटा गॅरेजात जातो. तो खर्च टिकणार की नाही, हे पुष्कळसं पहिल्या 50 तासांत ठरतं.

नवा लाइनर गुळगुळीत दिसतो, पण त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. त्यांत ऑइल टिकतं. रेघांचे उंचवटे आणि रिंगांच्या कडा सुरुवातीला घासून एकमेकांशी जुळतात. यालाच आपण रुळणं म्हणू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबली गेलेली हवा तापते आणि तिच्यात डिझेल पेटतं. म्हणून रिंग नीट बसली नाही, दाब गळला, की स्टार्टिंग जड होतं आणि ताकद कमी पडते.

आता प्रश्न असा, की रिंगेला लाइनरवर दाबतं कोण? तिचा स्वतःचा ताण थोडाच. खरा जोर जळणाऱ्या वायूचा. तो रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो. भार नसेल तर हा जोर पुरेसा मिळत नाही. म्हणून ‘नवं बांधलंय, दिवसभर स्लोवर चालू दे’ ही माया महागात पडते. बिनभाराच्या चालण्याने लाइनरवर चकचकीत थर चढतो, रेघा बुजतात, रिंग नुसती घसरते. मग इंजिन ऑइल खातं आणि निळा धूर सोडतं. उलट पहिल्याच दिवशी पलटी नांगर लावला, तर उंचवटे तापतात, ऑइलचा पापुद्रा तुटतो आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

तेव्हा क्रम असा ठेवायचा. आधी ऑइल आणि कूलंट भरायचं, डिझेलच्या नळीतली हवा काढायची. डिझेल बंद ठेवून सेल्फ थोडाथोडा मारायचा, ऑइलचा दाब येऊ द्यायचा. इंजिन चालू झालं की गळती, दाब, तापमान बघायचं आणि गरम होताच हलक्या कामाला लावायचं: अर्धी ट्रॉली, हलकी वखरणी. रेस कमी-जास्त करत राहायचं. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हायला लावायचं नाही. भार दिवसागणिक वाढवायचा. ऑइलची पट्टी रोज बघायची. पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदलायचे, कारण झिजलेल्या धातूचा चुरा त्यांतच साठतो. किती तासांनी, ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं. हेडचे बोल्ट पुन्हा आवळायला सांगितले असतील, तर तेही टाळायचं नाही.

अॅरिस्टॉटल म्हणतो, की सद्गुण माणसात आयते येत नाहीत, ते कृती करतकरत अंगी बाणतात. इंजिनाला नीती नसते, पण एवढं साम्य आपल्याला दिसतं: विश्रांतीने कुणी रुळत नाही आणि छळानेही नाही. पेलेल एवढा भार लागतो, आणि तो वाढवायला दिवस लागतात.

हे दिवस आपल्याकडे कधी असतात? चैत्र-वैशाखात. मृग तोंडावर आल्यावर इंजिन बांधलं, तर पेरणीची घाई त्याला रुळू देत नाही. म्हणून इंजिन उन्हाळ्यातच उघडावं, हे आपलं सांगणं. आता तुमचे प्रश्न घेऊ.