वणवा आला, तरी पळायचं नाही!

डोंगरावरून वणवा उतरतोय, वारा पिसाटलाय आणि विद्यापीठ मुलांना सांगतंय, पळू नका, लायब्ररीत या! वेडेपणा वाटतो ना? कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथल्या पेपरडाइन विद्यापीठानं ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री नेमकं हेच केलं. परीक्षांचे दिवस होते. रात्री अकराच्या सुमारास फ्रँकलिन वणवा पेटला आणि मुलं पेसन ग्रंथालयात नि टायलर कॅम्पस सेंटरमध्ये जमू लागली. ग्रंथालयाच्या काचांपलीकडे सगळं लालभडक, आणि आत बॅगा घेऊन बसलेली मुलं! वणवा कॅम्पसला चाटून पुढे गेला. मुलं सुखरूप राहिली.

हे जमलं कसं?

आधी वाऱ्याकडे बघू. याचं नाव सांता आना. आतल्या उंच वाळवंटातून निघून तो समुद्राकडे उतरतो. सायकलला हवा भरताना पंप तापतो, आठवतंय? दाबलेली हवा गरम होते. हा वाराही उतरताना दाबला जातो आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापतो! समुद्राजवळ पोचेपर्यंत तो इतका कोरडा झालेला असतो, की उतारावरची झुडपं ठिणगीचीच वाट बघत असतात.

मग पळून का जायचं नाही? मालिबू म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. बाहेर पडायला किनाऱ्यालगतचा एक महामार्ग आणि घाटांतले मोजके वळणदार रस्ते. नोव्हेंबर २०१८ मध्ये वूल्सी वणव्यानं जवळजवळ ९७ हजार एकर जाळलं, तेव्हा हा महामार्ग गाड्यांनी तुंबला होता. त्यात आणखी हजारो विद्यार्थी उतरले असते तर?

आता खरी गंमत. वणव्यात बरीच घरं ज्वाळांच्या भिंतीनं पेटतच नाहीत. ती पेटतात वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी. निखारा वाळक्या पाचोळ्यात पडला, की संपलं. आणि ज्वाळांची भिंत? समोर जळण नसेल, तर तिचा जोर तिथंच ओसरतो. म्हणून पेपरडाइनमध्ये दरवर्षी इमारतींभोवतीची झुडपं सुमारे ६० मीटरपर्यंत साफ करतात. सह्याद्रीत वनखातं जाळरेषा काढतं, त्यामागचं तत्त्वही हेच.

आणि पाणी! कॅम्पसवर तळी आहेत. त्यांत असतं शुद्ध केलेलं सांडपाणी. त्यावर हिरवळ ओली राहते, म्हणजे जळणच उरत नाही. आणि वणवा आला, की अग्निशमन दलाची हेलिकॉप्टरं याच तळ्यांवर येऊन थांबतात, लांब नळीनं पाणी ओढून घेतात आणि शेजारच्या पेटत्या उतारावर ओततात. एरवी गटारातून वाहून गेलं असतं ते पाणी आकाशातून आगीवर कोसळतं!

पण निवारा म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. २०१८ मध्ये वणव्याच्या आदल्याच रात्री जवळच्या थाउजंड ओक्स शहरात गोळीबार झाला होता. त्यात बारा जणांचा बळी गेला. त्यांच्यात याच विद्यापीठाची एक विद्यार्थिनी होती. दुःखानं सुन्न झालेल्या मुलांवर लगेच आग चालून आली. अशा वेळी एका छताखाली असणं, जेवण मिळणं, कुणीतरी जवळ येऊन विचारपूस करणं, याची किंमत कशी करणार?

या धोरणावर तेव्हा प्रश्नही उठले. बाहेर घरं जळत असताना बंब कॅम्पसपाशी का? प्रश्न रास्त आहे. पण हे धोरण काउंटीच्या अग्निशमन खात्याला बरोबर घेऊनच आखलेलं आहे आणि ते सरसकट कुठंही लावता येणार नाही. भिंतीला वाळकं गवत टेकलेलं असेल, तिथून निघून जाणंच शहाणपणाचं. थांबा, हा एक शब्द म्हणता यावा यासाठी वर्षानुवर्षं कुणीतरी झुडपं तोडलेली असतात, तळी भरलेली असतात, कुणी कुठं जमायचं हे ठरवलेलं असतं. आपल्या माणसांना सांभाळण्याचं बहुतेक काम आग लागण्याआधीच झालेलं असतं!