धुलाईयंत्र अडते कोठे?

ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर आणि इतिहासावर बोलले जाते तेथून कपडे धुण्याच्या यंत्रावर बोलावयाचे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्हांला वाटत नाही. आमचे आयुष्य यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या माणसांत गेले आहे, आणि आज यंत्रापाशी उभे राहावे लागते ते केवळ तळोजाच्या कारखान्यांत नव्हे, खारघरच्या घराघरांत. कारखान्यात यंत्र येते तेव्हा त्याच्याबरोबर कायदा येतो. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 21 व्या कलमाने यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालणे बंधनकारक केले. घरच्या यंत्राला हा कायदा लागू नाही. तेथे ना निरीक्षक, ना फिटर, ना युनियन. त्याच्यापुढे उभी असते घरची गृहिणी, नाही तर चार घरची धुणीभांडी करणारी मावशी, आणि यंत्र अडले की पहिला प्रश्न तिलाच, "मावशी, काय दाबलंत?"

बहुतेक वेळा तिने काहीच दाबलेले नसते. आमचे सांगणे असे की, धुलाईयंत्र अडले तर दोष आधी यंत्राच्या बाहेर शोधावा. पाणी येते ती वाट, पाणी जाते ती वाट, यंत्र उभे आहे ती जमीन आणि यंत्राला मिळते ती वीज, या चार ठिकाणी नीट पाहिले तर पुष्कळदा मेकॅनिकला बोलावण्याची गरजच उरत नाही.

प्रथम पाणी. यंत्र सुरू होते, थोडा वेळ गुणगुणते, आणि पाणी न घेता काही तरी इंग्रजी अक्षरे व आकडे दाखवून थांबते. खारघरमध्ये या तक्रारीचे मूळ गच्चीवरच्या टाकीत असते. टाकीपासून नळापर्यंत जितकी उंची तितका पाण्याचा दाब; दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो. आता सर्वांत वरच्या मजल्यावरचे घर घ्या. टाकीचा तळ आणि त्या घरचा नळ यांत अंतर तीन-चार मीटर, म्हणजे दाब पाव किलोहून थोडा अधिक. पुढून दार असलेल्या अनेक यंत्रांच्या पुस्तिकेत याहून अधिक दाब मागितलेला असतो, काहींत पुरता एक किलो. त्यामुळे वरच्या मजल्याची हवा आणि डोंगराचे दर्शन ज्याने जास्त पैसे मोजून घेतले त्याचेच यंत्र पाण्यावाचून अडते, आणि खालच्या मजल्यावरच्याचे खुशाल चालते. परीक्षा सोपी आहे. यंत्राचा पाईप काढून नळाखाली दहा लिटरची बादली धरा. काही कंपन्या मिनिटाला आठ लिटर पाणी मागतात. म्हणजे बादली सव्वा मिनिटात भरली पाहिजे. तीन मिनिटे लागत असतील तर यंत्र निर्दोष आहे, आणि दाब वाढविणारा छोटा पंप बसविणे हा सोसायटीपुढचा किंवा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

बादली झरझर भरली आणि तरी यंत्र पाणी घेत नाही, तर नळ बंद करून पाईपाचे यंत्राकडचे टोक उघडा. तेथे बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. ती चिमट्याने अलगद काढून जुन्या दातघासणीने घासावी. उन्हाळ्यात पाणीकपात झाली, टाकी तळाला गेली, मग टँकर आला, की तळचा गाळ आणि पाईपांतला गंज पहिल्या पाण्याबरोबर उतरतो आणि या जाळीत अडकतो. म्हणून पाणी गेल्यानंतर ते परत येईल तेव्हा पहिल्या दोन बादल्या लादी पुसण्यासाठी काढाव्या, मग यंत्राचा नळ उघडावा. आणखी एक गोष्ट. यंत्र एकदाच पाणी घेत नाही. धुण्याला एकदा आणि खळबळण्याला दोन-तीनदा घेते, आणि सारे काम तास-दीड तास चालते. सोसायटी टाकीचा व्हॉल्व्ह ठरावीक वेळच उघडत असेल आणि यंत्र शेवटच्या अर्ध्या तासात लावले असेल, तर ते साबणाच्या पाण्यात कपडे घेऊन मध्येच थांबणार. घड्याळ पाहून यंत्र लावावे, एवढाच त्याला उपाय.

टँकरचे पाणी पुष्कळदा विहिरीचे किंवा बोअरचे असते, आणि त्यात चुना-मॅग्नेशियमचे क्षार अधिक असू शकतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरे पाणी नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. जड पाण्यात पावडर कमी काम करते, कपडे वाळल्यावर पापडासारखे कडक होतात, आणि पाणी तापविणाऱ्या नळीवर चुन्याचा थर बसतो. यंत्रात कपडे न घालता, पुस्तिकेत सांगितलेल्या बेताने सायट्रिक आम्ल, म्हणजे वाण्याकडचे लिंबूफूल, घालून ते गरम पाण्यावर चालविले की थर सुटतो. मात्र त्याच वेळी कपडे पांढरे करण्याचे ब्लीच घालू नये. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो छातीला बाधतो.

आता पाणी जाण्याची वाट. या बाबतीत खारघरइतका गोंधळ आम्ही दुसरीकडे पाहिला नाही, आणि त्याचे कारण बिल्डर ज्याला 'ड्राय बाल्कनी' म्हणतात ती जागा. नाव कोरडे, आणि जागा बाराही महिने ओली! तेथे जमिनीत एक जाळी असते, तिला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, आणि यंत्राचा सांडपाण्याचा पाईप आपण त्या जाळीवर आडवा टाकून देतो. येथे यंत्राची जात पाहिली पाहिजे. पुढून दार असलेल्या यंत्रात पाणी वर उचलून फेकणारा पंप असतो. त्याच्या पाईपाचे टोक जमिनीपासून साधारण साठ सेंटीमीटर ते एक मीटर उंचीवर अडकवायचे असते. ते जमिनीवर टाकले तर पाणी भरता भरताच आपोआप ओढले जाऊन वाहून जाऊ लागते, जसे पिंपातले रॉकेल आपण नळीने ओढून काढीत असू तसे. यंत्र भरत राहते, पाणी जात राहते, आणि शेवटी यंत्र हात टेकते. उलट वरून झाकण असलेल्या अनेक यंत्रांत पंप नसतो. पाणी केवळ उतारावर जाते. त्यांचा पाईप जमिनीलगतच हवा. कोणी शेजाऱ्याचे पाहून तो खिळ्याला टांगला की पाणी आतच तुंबते. दोन शेजारी, दोन यंत्रे. एकाचा उपाय तोच दुसऱ्याचा बिघाड. आपले यंत्र कोणत्या जातीचे हे पुस्तिकेत लिहिलेले असते.

पंपाच्या यंत्रात पाणी साचून राहिले तर पुढे खालच्या कोपऱ्यात एक छोटे झाकण असते, ते पाहावे. प्लग काढावा, पाणी गरम असेल तर निवू द्यावे, खाली परात ठेवावी, बारीक नळी असेल तर तिच्यातून पाणी काढून घ्यावे आणि मग झाकण हळूहळू फिरवावे. आत काय सापडते? नाणी, सेफ्टी पिना, केसांचे आकडे, मुलाचा खोडरबर, एखादा हरवला म्हणून दोन महिने गाजलेला कानातला डूल. हे झाकण महिन्यातून एकदा उघडणाऱ्या घरी पंप सहसा अडत नाही.

यंत्र नाचते, ही तिसरी तक्रार. भाड्याच्या घरांचे करार बहुधा अकरा महिन्यांचे. सेक्टर बदलतो, टेंपो येतो, यंत्र आडवे-तिडवे चढते-उतरते. पुढच्या दाराच्या यंत्राच्या पाठीला, आतले पिंप प्रवासात हलू नये म्हणून, लांब ट्रान्झिट बोल्ट लावलेले असतात. ते पहिल्या वेळी काढून जपून ठेवायचे आणि घर बदलताना पुन्हा लावायचे असतात. लोक ते भंगारात देतात. मग पिंप वाटेत आपटून त्याचे दांडे निखळतात. उलट नव्या यंत्राचे बोल्ट काढायचेच राहिले तर पहिल्याच धुण्याला सारी बाल्कनी हादरते. बोल्ट निघालेले असूनही यंत्र नाचत असेल तर चारही पाय जमिनीला टेकले आहेत का पाहा; फरशीला नहाणी ट्रॅपकडे उतार असतोच, त्यामुळे एक पाय अधांतरी राहतो. तो पाय फिरवून खाली घ्यावा आणि त्याची चकती घट्ट करावी. लाकडाच्या पाचरी ठेवू नयेत, त्या सरकतात.

आणि एकटी चादर किंवा एकटा जाड टॉवेल पिळायला लावू नये. मिनिटाला 1200 फेऱ्या घेणाऱ्या, एका हाताहून थोड्या अधिक रुंदीच्या पिंपात एका बाजूला गोळा झालेला किलोभर ओला कपडा सुमारे पावणेचारशे किलो वजनाइतक्या जोराने पिंप ओढतो. शहाणे यंत्र अशा वेळी पिळण्याचे नाकारते. त्याला आपण बिघाड म्हणतो! चार कपडे जोडीला घालावेत, म्हणजे भार सगळीकडे वाटला जातो.

फेस आणि दुर्गंधी यांवर फार बोलावयास नको. हाताने धुण्याची पावडर पुढच्या दाराच्या यंत्रात घातली की फेस होतो, आणि फेसात पंपाला पाणी सापडत नाही. दाराच्या रबराची घडी धुण्यानंतर पुसून कोरडी करावी आणि दार थोडे उघडे ठेवावे, म्हणजे बुरशी धरत नाही. घरात लहान मूल असेल तर मात्र दार उघडे ठेवण्यापेक्षा वास परवडला.

चौथी गोष्ट वीज, आणि येथे आम्ही थट्टा करणार नाही. पाणी तापविणारे यंत्र 2000 वॅट खात असेल तर 230 व्होल्टला सुमारे नऊ अँपिअर वीज ओढते. त्याला 16 अँपिअरचे सॉकेट हवे. टीव्हीसाठी आणलेल्या एक्स्टेन्शनच्या पट्टीवर ते चालवू नये. प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते, ती अर्थिंगची. लांब अशासाठी, की प्लग घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांच्या शेवटी सुटावी. सॉकेटात बसत नाही म्हणून ही पिन काढून टाकलेली यंत्रे आम्ही पाहिली आहेत. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईचा हात यंत्राच्या पत्र्याला लागतो आणि झिणझिण्या येतात, ती सांगते, आणि घरचे म्हणतात, "चप्पल घालत जा." झिणझिण्या येतात म्हणजे अर्थिंग नाही, आणि अर्थिंग नाही म्हणजे आतली एक तार सैल होण्याचा अवकाश, पुढचा धक्का सांगायला माणूस उरेल याची खात्री नाही. त्या क्षणी यंत्र बंद करून वायरमनला बोलवावे, मेकॅनिकला नव्हे. मीटरच्या पेटीत 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी आहे की नाही तेही त्याच्याकडून पाहून घ्यावे आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. पाणी तापू लागताच ते पडत असेल तर तापविणारी नळी फुटली असण्याचा संभव आहे. आरसीसीबी काढून थेट जोडणी करून देणारा वायरमन दारातूनच परत पाठवावा.

दोन पिंपांच्या यंत्रातल्या पिळण्याच्या पिंपाला आपल्याकडे 'ड्रायर' म्हणतात. वस्तुतः ते कपडे वाळवीत नाही, पिळते. ते फिरत नसेल तर झाकण नीट बसले आहे का आणि आतली जाळीची चकती कपड्यांवर दाबली आहे का एवढे पाहावे. मोटर नुसती घुमत असेल तर प्लग काढून मेकॅनिकला बोलवावे; मागचे झाकण आपण उघडू नये, कारण कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ विजेने भरलेला राहू शकतो. परंतु महत्त्वाचा दोष वेगळाच. झाकण उचलताच हे पिंप काही सेकंदांत थांबले पाहिजे. ब्रेक झिजला की ते फिरतच राहते. मावशीला पुढच्या घरी वेळेवर पोचायचे असते, उशीर झाला तर तेथे बोलणी बसतात. ती फिरत्या पिंपात हात घालते, आणि ओल्या साडीचा पदर बोटांना गुंडाळतो. कारखान्यात नगावर मजुरी घेणारा कामगार मशीन चालू असताना हात का घालतो याची चर्चा आम्ही वर्षानुवर्षे व्यवस्थापनाशी केली. तेच कारण येथे आहे. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ते पिंप वापरू नये.

खरा वाळविणारा ड्रायर पावसाळ्यापायी आता अनेक घरी आला आहे. डोंगरालगतच्या या गावात जुलैत कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीत, त्यामुळे तो चैन म्हणता येत नाही. तो उशीर लावतो अशी तक्रार असेल तर आधी लव साचण्याची जाळी पाहा. ती प्रत्येक वेळी साफ करायची असते. ज्या जातीचा ड्रायर दमट हवा बाहेर फेकतो तो काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत ठेवला तर स्वतःचीच वाफ पुन्हा ओढून घेतो. नळी खिडकीबाहेर काढा. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता लागतेच लागते, म्हणून कपडे आधी धुलाईयंत्रात चांगले पिळून घ्यावेत. ते काम फार स्वस्तात होते. आणि तिळाच्या किंवा जवसाच्या तेलाने माखलेले मालिशचे पंचे ड्रायरमध्ये घालू नयेत. धुतल्यावरही त्यांत तेल उरते, ते उष्णतेने आणखी तापत जाते आणि ढीग करून ठेवलेला कपडा आपोआप पेट घेऊ शकतो.

एवढे सारे पाहूनही यंत्र चालले नाही तर मेकॅनिकला फोन करावा. यंत्राचा मॉडेल क्रमांक, ते कोणत्या टप्प्यावर थांबले आणि कोणती अक्षरे दाखवीत होते हे आधीच लिहून ठेवावे, म्हणजे तो योग्य सुटा भाग घेऊन येईल. पुष्कळांना पगार नसतो, फेरीवर पैसे मिळतात. दुसऱ्या फेरीचे पेट्रोल त्याच्या खिशातून जाते. त्याने भाग बदलला तर जुना भाग मागून घ्यावा आणि पावती घ्यावी. तो भांडेल असे समजू नये. प्रामाणिक कारागीर जुना भाग आपण होऊन हातात देतो. कंपनीने हमीच्या काळातही टाळाटाळ केली तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि खारघर रायगड जिल्ह्यात मोडत असल्यामुळे आपले तक्रार निवारण आयोगाचे ठिकाण अलिबाग.