पेन्सिलच्या रेघेने व्हॉल्यूम कंट्रोल बनत नाही

गैरसमज : पॉटचा, म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोलच्या पोटेन्शिओमीटरचा, कार्बन ट्रॅक झिजला असेल तर त्यावरून ६बी पेन्सिल फिरवा. ग्राफाइटमधून वीज वाहते, झालं काम.

वस्तुस्थिती : जुने रेडिओ नि अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसणाऱ्यांकडून हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता राग येतो. राग येतो, कारण तो अर्धा खरा आहे. रेघेतून वीज वाहते, मीटरवर आकडा येतो, सेट दोन दिवस गातोही. मग पहिल्यापेक्षा मोठी खरखर सुरू होते आणि वाचवता आला असता असा पॉट भंगारात जातो.

पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती. ६बीत माती कमी, म्हणून ती कागदावर भरभर उतरते. उतरणं हाच तिचा गुण. ट्रॅकला नेमकं याच्या उलट हवं असतं. साध्या कार्बन पॉटच्या माहितीपत्रकात १०,००० ते १५,००० फेऱ्यांचं आयुष्य लिहिलेलं असतं. तेवढ्या वेळा ट्रॅकवरून सरकणाऱ्या वायपरचा स्प्रिंगदार पत्रा घासून गेला तरी काळा थर जागचा हलता कामा नये. म्हणून कारखान्यात कार्बन ब्लॅक आणि ग्राफाइट रेझिनमध्ये घोटून शाई करतात, ती तपकिरी फिनॉलिक पत्र्यावर स्क्रीन प्रिंटिंगने छापतात आणि भट्टीत पक्की करतात. वीज वाहतो तो कार्बन, घासणं सोसतं ते रेझिन. पेन्सिलच्या रेघेत हे दुसरं काही नसतंच.

मग चार-पाच ट्रॅक घरच्या घरी बनवताच येत नाहीत का? येतात, पण छापून. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडची स्क्रीन आणि स्क्विजी यासाठी पुरते. शाई मात्र रोधाचीच, तयार विकत घेतलेली हवी. तिचा रोध ‘ओहम प्रति चौरस’ असा देतात, बहुधा २५ मायक्रॉन जाडीसाठी. चौरस लहान असो वा मोठा, एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत रोध तेवढाच. लांबीने वाढतो तो रुंदीने तितकाच घटतो.

हिशेब करून पाहू. ट्रॅकची त्रिज्या ८ मिमी, रुंदी ३ मिमी, कमान २७० अंशांची. लांबी झाली सुमारे ३८ मिमी, म्हणजे साडेबारा चौरस. १०० किलोओहम हवे असतील तर शाई साधारण ८ किलोओहम प्रति चौरस लागेल. दोन्ही टोकांना चांदीची शाई, आणि भट्टीचं तापमान शाईच्या माहितीपत्रकात असेल तेच.

गैरसमज : ऑडिओ पॉटचा रोध ट्रॅकभर अखंड लॉगरिदमने बदलत जातो.

वस्तुस्थिती : बहुतेक पॉटमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या शाया जोडून त्या वक्राची नक्कल केलेली असते. जपानी उत्पादकांच्या तक्त्यात ‘१५ए’ दिसलं, तर अर्ध्या फेरीला १५ टक्के असा त्याचा अर्थ. आपल्या ट्रॅकला मध्यावर १० टक्के हवे असतील, तर पहिल्या अर्ध्याला १.६ आणि दुसऱ्याला सुमारे १४ किलोओहम प्रति चौरसची शाई लागते. दोन स्क्रीन घ्यायच्या आणि सांध्यावर दोन्ही थर थोडे एकमेकांवर चढवायचे.

गैरसमज : १ आणि १०० किलोओहमच्या शाया निम्म्या-निम्म्या मिसळल्या की ५० मिळतात.

वस्तुस्थिती : १० च्या आसपास मिळतात. कार्बनचे कण एकमेकांना टेकून वाटा तयार करतात आणि प्रमाण थोडं बदललं तरी अशा वाटा झपाट्याने वाढतात वा तुटतात. आधी चाचणीच्या पट्ट्या छापा, भाजा, मोजा.

आणखी काही, थोडक्यात :

• ‘रोध अगदी अचूक हवा.’ कारखान्यातला पॉटही अनेकदा २० टक्के इकडेतिकडे असतो. स्टीरिओत दोन ट्रॅक एकमेकांशी जुळणं महत्त्वाचं, म्हणून जोडी स्क्विजीच्या एकाच ओढीत छापा.

• ‘खरखर म्हणजे ट्रॅक गेला.’ आधीचा कपलिंग कपॅसिटर गळत असेल तर नवा पॉटही खरखरतो. आधी पॉटवर डीसी आहे का ते मोजा.

• ‘ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनियर, सगळीकडे.’ जुन्या युरोपीय पॉटवर हीच अक्षरं उलटी भेटतात.

• ‘लॉग पॉटला पर्याय नाही.’ १०० किलोओहमच्या लिनियर पॉटच्या वायपरपासून ग्राउंडपर्यंत १५ किलोओहम जोडा. मध्यावर सुमारे १९ टक्के मिळतात. पुष्कळ कामांना एवढं पुरतं.

बाजारात योग्य पॉट मिळत असेल तर तोच घ्यावा. लाउडनेससाठी मध्ये टॅप काढलेला जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा पॉट मिळेनासा होतो, तेव्हा या छपाईचे कष्ट सार्थकी लागतात. छापलेला ट्रॅक थंड झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस त्यावरून दहा वेळा फिरवा. कापूस जवळजवळ पांढरा राहिला तर ट्रॅक पक्का झाला, काळा झाला तर भाजणं कच्चं राहिलं. आणि अजून पेन्सिलीवर विश्वास असेल, तर तोच कापूस तिच्या रेघेवरून एकदाच फिरवा.