आधी कान, मग जीभ

आपली वर्णमाला कंठापासून निघते आणि ओठांशी येऊन टेकते: क, च, ट, त, प. बाळराजांची वर्णमाला मात्र बहुधा ओठांपासूनच सुरू होते! पनवेलच्या कॉलेजात वर्णोच्चार शिकवताना मला या गोष्टीचे नेहमीच नवल वाटते.

प, ब, म यांना ओठ मिटून उघडले की पुरे. 'क'ला जिभेचा मागचा भाग उचलावा लागतो. म्हणून काकांचे 'ताता' होतात. 'र'ला जिभेचा शेंडा नाचवावा लागतो, 'ळ'ला तो मागे वळवावा लागतो; म्हणून राम 'लाम' आणि बाळ 'बाल'. हे अवघड वर्ण बसायला चौथे-पाचवे वर्ष उजाडते, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. रोमान याकोबसन या भाषापंडिताने १९४१ साली या क्रमामागे नियम असल्याचे मांडले. पुढच्या अभ्यासकांनी त्याला अपवादही दाखवले.

गंमत अशी, की जीभ अडखळत असली तरी कान तयार असतो. आपण लाडाने "ताता आले" म्हणावे, तर तेच मूल रागावून म्हणते, "ताता नाही, ताता!" म्हणून त्याला हसू नये, पाहुण्यांपुढे पुन्हापुन्हा वदवून घेऊ नये. आपण सहज "हो, काका आले" म्हणावे, म्हणजे झाले.

मूल ऐकते तसे बोलते. आमच्या पनवेलीकडल्या आगरी घरांत पाणी 'पानी' असते, डोळा 'डोला' असतो. तिथले मूल तसे बोलले, तर ती त्याची मायबोली आहे. तिला बोबडेपणा समजू नये. गुरुजींनी आणि बाईंनी हे ध्यानी ठेवावे.

खरी काळजी वेगळीच. ऐकू न येणारे मूलही पहिले काही महिने हुंकार देते, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. सहाव्या-सातव्या महिन्यापासून इतर मुले 'बाबाबा', 'दादादा' करू लागतात. याचे मात्र पुढे सरकत नाही. मग "मुलगे उशिराच बोलतात" म्हणण्यात एक वर्ष जाते, जिभेला वेखंड उगाळून लावण्यात दुसरे. पण दोष जिभेत नसतोच! आज नवजात अर्भकाचेही कान यंत्राने तपासता येतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करते आहे. हाकेला मान वळत नसेल, वर्ष उलटूनही बडबड नसेल, तर वाट पाहत बसू नका. श्रवणयंत्र जितके लवकर लाभेल, तितकी वाचेची वाट सोपी.

बोबडे बोल कौतुकाने ऐकावेत; पण आपले बोल बाळाला ऐकू येतात ना, हे त्याआधी पाहावे.